कोटागांचा टॉक्

“आधी जुनी कुठाय ते सांग!”

“दिली डॉक्टरांना.”

“कुणाला विचारून दिलीस?”

“बाबा, कवळी होती ती. घरातला दागिना होता का, विचारून द्यायला?”

सूनबाई ओट्याशी उभी होती, हातात झारा. आजोबा स्वयंपाकघराच्या दारात, एका पायात चप्पल आणि दुसरी कुठंतरी मागं राहिलेली. नवी कवळी त्यांच्या तोंडात अशी बसली होती, की हे दात जन्मल्यापासून यांचेच. हलत नव्हती, सरकत नव्हती, वाजत नव्हती. सगळं भांडण त्यावरूनच चाललं होतं.

“अहो, जेवताना टकटक, बोलताना टकटक, जांभई दिली तरी टकटक! शेजारच्या काकू मला विचारतात, तुमच्याकडं अजून टाइपरायटर आहे का म्हणून. म्हटलं, बाबांच्या वाढदिवसाला एक चांगली करून देऊ. डॉक्टरांच्या मागं लागून लागून करून घेतली, आणि तुम्ही काल संध्याकाळपासून तोंड पाडून बसलाय.”

“मला आवडायचं ते.”

“काय आवडायचं?”

“टकटक.”

सूनबाईनं झारा खाली ठेवला आणि सासऱ्याकडं नीट बघितलं. नव्या दातांचा डोक्यावर काही परिणाम होतो का, असं तिच्या तोंडावर आलं होतं. पण मोठ्या माणसाला तसं विचारता येत नाही म्हणून ती एवढंच म्हणाली, “चहा ठेवू?”

“चहा नको. मला उशीर होतोय,” आजोबा म्हणाले आणि दुसरी चप्पल शोधायला गेले. त्यांना खरं कारण सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर घरात हसले असते आणि स्टुडिओत रडले असते.

झालं असं होतं. आजोबांनी उभा जन्म नाटकांत काढला, पण नाटकांनी त्यांना दारातून आत फारसं घेतलं नाही. पहारेकरी, पोस्टमन, “डॉक्टर आले” म्हणणारा नोकर. एका नाटकात तर ते पडदा उघडल्यापासून पडेपर्यंत प्रेत होते, आणि तेही इतकं मन लावून करायचे की पहिल्या रांगेतल्या बायका घाबरायच्या. म्हातारपणी मात्र एका ध्वनिमालिकेत त्यांना म्होरक्याचं काम मिळालं. पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत गोष्ट त्याच्याभोवतीच फिरायची. आणि हे काम त्यांना मिळालं होतं एका आवाजामुळं.

ती मालिका कोटाग नावाच्या लोकांची. असे लोक कुठं नाहीत, ते ताईंनी डोक्यातून काढले. ताई म्हणजे मालिका लिहिणारी, तिशीतली, चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी बाई. कोटाग उंच उभ्या कड्यांवर राहतात, तिथं वारा कधी थांबत नाही. दुसरं कुणी असतं तर पात्रांना साधं सरळ बोलायला लावलं असतं आणि मागून वाऱ्याचा आवाज सोडला असता. ताई म्हणाल्या, ज्यांच्या कानात जन्मभर वारा आहे त्यांची भाषा आपल्यासारखी कशी असेल? आणि त्या भाषा बनवायला बसल्या. बसल्या म्हणजे गच्चीवर गेल्या.

सोसाट्याचा वारा सुटला की ताई आपल्या गच्चीवर उभ्या राहायच्या आणि रस्त्यापलीकडच्या गच्चीवर रेकॉर्डिंगवाल्याला उभं करायच्या. त्याच्या कानावरून हेडफोन कधी उतरत नाही म्हणून त्याला सगळे हेडफोनच म्हणतात. ताई इकडून एकेक अक्षर ओरडणार आणि पोचलं तर तो हात वर करणार. क पोचला. ट पोचला. ग, ड, ब सगळे धडाधड पोचले. स मात्र रस्ता ओलांडू शकला नाही. श अर्ध्यात गेला. ह तर ताईंच्या ओठांवरच वाऱ्यानं खाल्ला. ख, घ, थ, ध यांच्यातला नुसता श्वास उडाला आणि पलीकडं क, ग, त, द जाऊन पडले. रस्त्यावरचे लोक वर बघून पुढं जायचे. बाईला काय झालंय ते विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

मग ताईंनी ठरवलं, स, श, ह, फ ही वाऱ्याची अक्षरं. माणसानं ती वापरायची नाहीत. थंडीनं सगळ्यांची नाकं बारा महिने चोंदलेली, त्यामुळं न आणि म सुद्धा नाहीत. स्वर तीनच, आ, ओ आणि ई, कारण या कड्यावरून त्या कड्यावर हाक मारायला तेवढेच पुरतात. कोटाग आई मुलाला “शू” करून गप्प करू शकत नाही, म्हणून कोटाग मुलं गप्पच बसत नाहीत. एवढा विचार! आपण आयती भाषा फुकट वापरतो आणि वर तिच्यात शिव्या देतो. ही बाई एकेक अक्षर वाऱ्यात धरून उन्हात वाळवल्यासारखं पारखून घेत होती.

हेडफोन तर या भाषेवर फिदा होता. “ताई, स नाही म्हणजे माइकात शिट्टी नाही. फ नाही म्हणजे फुंकर नाही. आता तेवढे प आणि ब पण काढा ना, माइकला धपाधप लागतात.”

“लोकांच्या तोंडातून अक्षरं काढायची? तुझ्या माइकसाठी?” ताई खवळल्या. “असे लोक नाहीतच, ठाऊक आहे मला. म्हणून काय त्यांना काही हक्क नाहीत?”

तर अशा वेळी आजोबा आवाजाची चाचणी द्यायला आले. कागद हातात घेतला, तोंड उघडलं, आणि पहिल्या शब्दाच्या आधी आवाज आला. टॉक्. दगडावर दगड ठेवल्यासारखा. ताई खुर्चीतून उठल्या.

“काय होतं ते?”

होती सैल कवळी. वरची खालचीवर आपटली होती. पण आजोबांना दात खोटे आहेत हे बाहेर कुणाला कळलेलं चालत नव्हतं. प्रेताचं काम करतानासुद्धा ते तोंड मिटून मरायचे. ते ताठ बसले आणि म्हणाले, “साधना.”

झालं. ताईंनी तो आवाज भाषेत घेतला, आणि साधासुधा नाही, सगळ्यात मानाचा. कोटागांचे पूर्वज बोलायच्या आधी कड्यावर खडा आपटायचे, म्हणजे समोरचा कान फिरवतो. पुढं तो खडा तोंडात आला. एक टॉक् म्हणजे सांगतोय. दोन म्हणजे विचारतोय. तीन म्हणजे शपथ. आणि टॉक् नसला तर ते बोलणंच नाही. माणूस आपल्याशी पुटपुटतोय, ऐकणाऱ्यानं मनावर घेऊ नये.

ताईंचे कान फार तिखट. त्यांनी आजोबांना बसवून बसवून ऐकलं आणि नियम काढले. वाक्यात पहिला स्वर आ असेल तर टॉक् हलका पडतो. ओ असेल तर खोल. आणि ई असेल तर टॉक् येतच नाही! ताईंनी पुन्हापुन्हा करून बघितलं. ई आली की आजोबांचा टॉक् गप्प. ताई दोन रात्री झोपल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी डोळे पुसत आल्या. म्हणाल्या, मला कळलं. कोटाग मेलेल्या माणसाच्या नावाआधी ई लावतात. मेलेल्यांना कान फिरवायला सांगायचं नसतं, म्हणून तिथं टॉक् नाही.

आजोबांच्याही डोळ्यात पाणी आलं. त्यांना तेव्हा ठाऊक होतं की ई म्हणताना गाल ताणले जातात आणि कवळी घट्ट धरली जाते. पण अशा वेळी कोण बोलणार?

बाकीच्या नटांना तो टॉक् जिभेनं काढायला शिकावं लागलं. म्होरक्याच्या लेकीचं काम करणाऱ्या मुलीला सगळे राजकन्या म्हणायचे. तिनं तर इतका सराव केला की जिभेला फोड आले. बसस्टॉपवर टॉक्, लिफ्टमध्ये टॉक्. आजोबांच्या पाया पडून म्हणायची, “आजोबा, तुमच्यासारखा खोल नाही येत.”

“वयानं येतो,” आजोबा म्हणायचे. हे मात्र अगदी खरं होतं.

आणि आज शेवटच्या भागाचं रेकॉर्डिंग. कडा ढासळणार आहे, सगळे कोटाग सोडून चाललेत आणि म्होरक्या एकटा उभा राहून शपथ घेतो. तीन टॉक् आणि मग, “ओडाग कारो, आडो ओडाग, तोलाक दीटा गोब.” कडा माझा, मी कड्याचा, वारा गेला तरी मी इथंच. त्या तीन टॉक्‌वर मालिका संपणार होती. आणि तीन टॉक् दातांच्या डॉक्टरांकडं पडले होते.

आजोबा आधी तिकडंच गेले.

“डॉक्टर, माझी जुनी कवळी?”

“मोडली.”

“मोडली म्हणजे?”

“हातोडीनं. तुम्हाला सांगतो, फार दिवसांनी एवढं बरं वाटलं,” डॉक्टर म्हणाले. “कुणी केली होती हो ती? माणसाच्या मापाची नव्हतीच. नवी कशी आहे? टोचते?”

“नाही.”

“हिरडी दुखते?”

“नाही हो. उत्तम आहे. तेच तर दुखणं आहे. ही जरा सैल करून द्या.”

डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. “काय करून?”

“सैल. म्हणजे बोलताना जरा हलली पाहिजे. वाजली पाहिजे.”

डॉक्टर चांगला माणूस. हात असा, की भूल न देता दात काढला तरी पेशंट थँक्यू म्हणतो. पण त्यांचा चेहरा असा झाला की सुरात लावलेला तंबोरा कुणी त्यांना बेसूर करायला सांगतंय. “आजोबा, लोक माझ्याकडं रडत येतात, सैल आहे, घट्ट करा म्हणून. तुमच्या वरच्या कवळीला मी किती वेळा घासून घासून बसवलंय माहितीय? ती आता तुम्ही डोक्यावर उभे राहिलात तरी पडणार नाही. माझ्या हातून सैल काम होणार नाही. दुसऱ्या कुणाकडं जा.” आणि मग जरा थांबून म्हणाले, “आणि गेलात तर मला सांगू नका.”

स्टुडिओ म्हणजे गाद्यांच्या दुकानामागची एक खोली. भिंतींना फोम, खाली जाड गालिचा, मधे काच. काचेच्या अलीकडं ताई आणि हेडफोन, पलीकडं नट. दाराच्या वर लाल दिवा. आजोबा आत जाऊन माइकसमोर उभे राहिले. वाटेत त्यांनी लिमलेटची एक मोठी गोळी घेतली होती, ती गालात धरली. गोळी दातांवर आपटायची, असा बेत.

लाल दिवा लागला. आजोबांनी गोळी आपटली. टिक् टिक् टिक्.

“कट,” ताई म्हणाल्या. “आजोबा, घड्याळासारखा येतोय. खोल घ्या.”

पुन्हा घेतलं. मग पुन्हा. गोळी विरघळत चालली होती, टिक् बारीक होत चालला होता. शेवटी तर डासानं पाय आपटल्यासारखा आला. ताई हेडफोनच्या कानाशी लागल्या. “म्होरक्या बोलता बोलता लहान होतोय का रे?”

“तोंडात लिंबाची गोळी आहे,” हेडफोन म्हणाला. त्याला सगळं ऐकू येतं. “उजव्या गालात. आता जवळजवळ संपली.”

“घसा बसलाय,” आजोबा आतून ओरडले. “म्हणून गोळी.”

मग गरम पाणी आलं. मध आला. राजकन्या कुठूनतरी ज्येष्ठमध घेऊन आली. आजोबांनी सगळं गिळलं आणि आता जिभेनंच करू म्हणून जीभ टाळूला लावली. जन्मात कधी केलेलं नाही. तर आवाज आला, “च्च, च्च, च्च.” कोटागांचा म्होरक्या कड्यावर उभा राहून शपथ घेतोय, आणि ऐकणाऱ्याला वाटावं समोर कुणीतरी सायकलवरून पडलंय आणि हा हळहळतोय.

राजकन्येनं ओढणी तोंडात कोंबली. हसू नाही, तिला रडू येत होतं.

आजोबांनी चप्पल आपटून बघितली. “चप्पल,” हेडफोन म्हणाला. खिशातला पेन टिचकीनं वाजवला. “पेन. झाकणाला चीर आहे.” मग आजोबा नुसतेच गप्प उभे राहिले, तर हेडफोन म्हणाला, “आता छाती धडधडतेय.”

आता ताई हुशार बाई, पण हुशार माणसाला एकदा चुकीचं कारण सुचलं की ते तो फार हुशारीनं वाढवतो. त्यांना आठवलं, आदल्याच दिवशी आपण आजोबांची दोन वाक्यं कापली. कलावंत दुखावला! टॉक् मुद्दाम देत नाहीये! त्या धावत आत गेल्या.

“आजोबा, माझं चुकलं. मी ती दोन्ही वाक्यं परत घालते.”

“अहो नको नको.”

“नाही, घालतेच. आणि तुमच्यासारख्या माणसाला एकाच शपथेवर बसवायचं म्हणजे माझा कोतेपणा. तीन शपथा घ्या. कड्याची, पाण्याची आणि पूर्वजांची.”

म्हणजे आता नऊ टॉक् झाले. आजोबांनी माइकचा दांडा धरला.

हेडफोन म्हणाला, “ताई, मागच्या भागांतले टॉक् उचलतो आणि इथं चिकटवतो. दहा मिनिटांचं काम.”

आजोबांचा चेहरा असा उजळला की काचेतून दिसला. पण ताईंनी मान हलवली. “शपथेचे तीन, पहिला स्वर ओ. असे आपल्याकडं आधी आलेच नाहीत. आ चे आहेत, हलके. आ चा टॉक् ओ ला लावायचा? उद्या म्हणशील, माझ्या डोक्यावर तुझे केस लाव.” आणि मग त्यांचा आवाज खाली आला. “हे लोक खोटे आहेत रे. म्हणून त्यांच्यात एक तरी गोष्ट खोटी नको.”

हे काचेच्या पलीकडं ऐकू गेलं. आत बोलायचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. आजोबांनी ऐकलं आणि खाली गालिच्याकडं बघत राहिले. एका पूर्ण खऱ्या भाषेत आपले दात तेवढे खोटे, हे त्या क्षणी त्यांना फार लागलं.

बराच वेळ गेला. शेवटी ताई माइकवर आल्या आणि इतक्या हळू बोलल्या की त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं. “आजोबा, तुम्ही दमलात. शपथ आपण राजकन्येला देऊ. म्होरक्या शांतपणे जातो आणि लेक शपथ घेते. तसंही चांगलं होईल.”

म्हणजे शेवटच्या भागात आजोबा पुन्हा प्रेत.

“नाही!” आजोबा म्हणाले. “एकदा. एकदाच घेऊ. पण आतला दिवा बंद करा.”

“दिवा?”

“मला अंधार पाहिजे. आणि काचेतून बघायचं नाही.”

ताईंना वाटलं, आला. कलावंत जागा झाला. त्यांनी दिवा घालवला. आत काळोख, फक्त दारावरचा लाल ठिपका.

आजोबांचा बेत साधा होता. कवळी काढायची, वरची एका हातात, खालची दुसऱ्या हातात, आणि माइकजवळ एकमेकींवर आपटायच्या. टॉक् टॉक् टॉक्. कुणी बघत नाही. बेतात एकच गोष्ट राहून गेली होती. दात हातात गेले की बोलायचं कशानं? पण घाईत एवढं कुणाच्या लक्षात येतं? आणि तेवढं लक्षात यायच्या आधीच दुसरं झालं. इतका मध प्यायल्यावर कवळी किती चिकट आणि निसरडी होते ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. वरची काढली, खालची काढली, आणि दोन्ही हातांतून सटकल्या. जाड गालिच्यावर पडल्या. टॉक् नाही, टिक् नाही, काहीच नाही.

“चालू आहे,” हेडफोनचा आवाज आला.

लाल दिवा. काळोख. तोंड बोळकं. पायाखाली कुठंतरी दात. आजोबांच्या मनात काय आलं ते त्यांनाच ठाऊक. कदाचित सगळे पहारेकरी आणि पोस्टमन आले असतील. त्यांनी तोंड उघडलं आणि शपथ घेतली.

टॉक् न करताच. आणि ती शपथ काय झाली! दात नाहीत म्हणून त चा थ झाला, द मधून हवा सुटली, ग च्या मागं ह आला. बोळक्यातून नुसता वारा वाहत होता. ज्या भाषेत एक स नव्हता, एक ह नव्हता, तिच्यात सगळी वाऱ्याची अक्षरं एकदम शिरली. “ओहाह खाहो, आहो ओहाह...” म्होरक्या आपला कडा, आपलं पाणी, आपले पूर्वज, एकेकाचं नाव घेत होता आणि प्रत्येक नाव अर्ध्यात वारा घेऊन जात होता. शेवटी शब्द राहिलेच नाहीत. फक्त श्वास राहिला, आणि मग तोही नाही.

काचेच्या अलीकडं राजकन्या भिंतीला टेकून खाली बसली होती. हेडफोननं हेडफोन काढला होता. हे आधी कुणी बघितलं नव्हतं. त्याला कान आहेत हे पण बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं.

ताई हळूच बोलल्या, “वारा तोंडात शिरला. जन्मभर ज्याला आत येऊ दिलं नाही, तो शेवटी आत आला. आणि टॉक् नाही. कारण आता ऐकायला कुणी नाही. तो स्वतःशीच...” वाक्य तसंच टाकून त्या दार ढकलून आत धावल्या आणि दिवा लावला.

आजोबा गालिच्यावर हातापायांवर होते.

“आजोबा! चक्कर आली का?”

आजोबांनी मान हलवली आणि तोंडावर हात धरला. ताई पुढं आल्या. त्यांच्या पायाला काहीतरी लागलं. वाकून उचललं. वरची.

खोलीत फोम इतका होता की शांतता पण दाबून बसवल्यासारखी वाटत होती. ताईंनी कवळी दिव्याखाली धरली, उलटी केली, पालटी केली. मग आजोबांकडं बघितलं. आजोबा आता पळून जातील असं वाटत होतं. पण त्यांनी खालची उचलली, शर्टाला पुसली, ताईंच्या हातातली घेतली, दोन्ही बसवल्या आणि उठून उभे राहिले.

“साधना नव्हती, बाई,” ते म्हणाले. “जुनी कवळी होती. सैल. सुनेनं काल नवी करून आणली, ती घट्ट आहे. मी तुम्हाला फसवलं. शपथ राजकन्येला द्या.”

ताईंनी आजोबांच्या तोंडाकडं वाकून बघितलं. मग एकच विचारलं. “आणि ई?”

“ई म्हणताना गाल ताणले जातात. कवळी हलायची नाही.”

“मी त्यावर मेलेल्यांचा सगळा धर्म रचलाय, आजोबा. सहावा भाग अख्खा.”

“हो. फार सुंदर आहे तो.”

ताईंचे ओठ हलायला लागले. आधी वाटलं रडतायत. मग त्या मटकन गालिच्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. चष्मा कपाळावरून नाकावर आला तरी हसत होत्या. “म्हणजे मी गच्चीवर वारा खात एकेक अक्षर गोळा करत होते आणि सगळ्यात चांगलं अक्षर तुमच्या दंतवैद्यानं केलेलं! वाईट कामातून! काय माणूस असेल तो!”

“जुना वेगळा होता. नवा फार चांगला आहे.”

“शपथ तुमचीच राहणार,” ताई डोळे पुसत म्हणाल्या. “हीच. एक अक्षर बदलणार नाही. आता एवढंच सांगा, तो नवा डॉक्टर बसतो कुठं?”

तो भाग गाजला. सूनबाईनं तो स्वयंपाकघरात उभं राहून ऐकला आणि संपल्यावर गॅस बंद करायला विसरली. नंतर आजोबांना म्हणाली, “बाबा, तुम्ही शेवटी इतकं कसं केलंत?” आजोबांनी या वेळी खरं सांगितलं, तर तिचा विश्वासच बसला नाही. “काहीतरीच,” म्हणाली, “इतकी घट्ट करून आणली मी, ती कशी निघेल?”

खरी पंचाईत डॉक्टरांची झाली. ताईंना दुसऱ्या पर्वासाठी कड्याखालच्या दरीतले लोक हवे होते, आणि त्यांची भाषा त्या आता गच्चीवर बनवत नव्हत्या. त्या दवाखान्याच्या बाकावर बसायच्या, शेजारी हेडफोन माइक धरून. गाल सुजलेला माणूस आला की ताईंचे डोळे चमकायचे. “काका, एकदा ‘ड’ म्हणा. वा! पुन्हा. ऐकलंस का रे? गालात बुडून येतोय.” दातांना तारा लावलेली मुलगी, अक्कलदाढ आलेला हवालदार, भूल उतरायची वाट बघत बसलेली मास्तरीण, सगळ्यांची अक्षरं ताईंनी घेतली. मास्तरणीचा बधीर प तर दरीतल्या राणीला दिला.

आणि लोक! ज्यांना कधी कुणी धड ऐकलं नाही त्यांना कुणीतरी कान देऊन ऐकत होतं. ते तोंड उघडून खुर्चीत बसायचे आणि ऐन वेळी डॉक्टरांचा हात धरायचे. “डॉक्टर, रेकॉर्डिंग होईपर्यंत राहू द्या ना. दुखतंय, पण राहू द्या.”

“हा दवाखाना आहे!” डॉक्टर बाहेर येऊन ओरडले.

ताईंनी मान वर केली. “डॉक्टर, तुमचा स किती स्वच्छ आहे हो. दरीत देव आहे एक. कराल?”

डॉक्टर आत गेले. पण तेव्हापासून दार लावून आत कुणाशीतरी सावकाश, स्पष्ट बोलतात. पेशंट नसताना पण.

मला आता निघायला हवं. परवा एकाशी जरा बाचाबाची झाली, त्यात माझ्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला. बोलताना मधेच बारीक शिट्टी वाजते. डॉक्टरांनी दात भरायला आज बोलावलंय, आणि ताईंनी पण आजच स्टुडिओत बोलावलंय. आधी कुणाकडं जायचं ते रस्त्यात ठरवतो.